बोहेमियाचा किनारा

आपल्यापैकी बहुतेकांची झेक लोकांशी पहिली ओळख झाली ती पायांतून. दिवाळीची खरेदी निघाली, मुलांचे कपडे झाले, की पावले वळत ती 'बाटा'च्या दुकानाकडे. ही कंपनी इतकी आपली होऊन गेली की ती मुळात परदेशी, असे सांगितले तर पुष्कळांना अजूनही खरे वाटत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या घराण्यातील टोमाश बाट्या या तरुणाने १८९४ साली मोराव्हियातील झ्लीन या गावी आपल्या भावंडांसह हा धंदा उभारला, आणि कलकत्त्याजवळचे बाटानगर वसले ते १९३० नंतर.

झेक लोकांची दुसरी देणगी आज शाळकरी पोरांच्या तोंडी आहे. ती म्हणजे 'रोबो' हा शब्द. कारेल चापेक या नाटककाराने १९२० साली आपल्या नाटकात तो वापरला. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. झेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठबिगार. जगभरच्या यंत्रमानवांना आपण नकळत 'वेठबिगारी' म्हणत असतो!

जोडा दुकानात येतो तेव्हा त्याला दुभाष्याची गरज नसते. तो पायात बसला म्हणजे झाले. एखादा शब्दही सुटा सुटा प्रवास करू शकतो. पण त्याच लोकांच्या आजीची गोष्ट, त्यांच्या गल्लीतले विनोद, त्यांच्या फाशी गेलेल्या माणसांची हकीकत, ही मात्र आपल्या पायांनी सरहद्द ओलांडू शकत नाही. तिला कोणीतरी उचलून आणावे लागते. झेक बोलणारे लोक अवघे एक कोटीच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या मुंबई शहराहूनही कमी. इतक्या थोड्यांची भाषा मुद्दाम शिकून, तिच्यातले साहित्य इंग्रजीत नेण्याचे काम ज्या थोड्या माणसांनी केले, त्यांतील एका बाईंची ही हकीकत आहे.

त्यांचे नाव एडिथ पार्जिटर. रहस्यकथांचे शौकीन त्यांना 'एलिस पीटर्स' या टोपणनावाने ओळखतात. त्या कादंबरीकार म्हणून गाजल्या. भाषांतरकार म्हणून मात्र त्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. मला त्यांच्याविषयी कुतूहल वाटले ते नेमक्या या दुसऱ्या बाजूमुळे.

० ० ०

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून श्रॉपशर नावाचा परगणा आहे. जगातला पहिला मोठा लोखंडी पूल १७७९ साली उभा राहिला तो याच भागात. तिथल्या हॉर्सहे या खेड्यात २८ सप्टेंबर १९१३ रोजी एडिथचा जन्म झाला. वडील लोखंडाच्या कारखान्यात कारकून. मुलगी गावच्या शाळेत शिकली, मग कोलब्रुकडेलच्या मुलींच्या हायस्कुलात गेली, आणि तिथे तिचे शिक्षण संपले. विद्यापीठाची पायरी तिने कधी चढली नाही. १९३३ पासून १९४० पर्यंत तिने डॉली या जवळच्या गावी एका औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून काम केले. दिवसा बाटल्या आणि पुड्या, रात्री लेखन, असा क्रम. १९३६ साली, तेविसाव्या वर्षाच्या आत, तिची पहिली कादंबरी छापून आली. ती नीरो बादशहाच्या रोमवर होती. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या तपशिलाचे विशेष वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता १९३८ चा सप्टेंबर पाहा. हिटलरने झेकोस्लोव्हाकियाचा सरहद्दीवरचा प्रदेश मागितला होता. इंग्लंडमध्ये लोक खंदक खणत होते, विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे तोंडाला लावून पाहत होते. २७ तारखेच्या रात्री पंतप्रधान चेंबरलेन रेडिओवर बोलले. कुठल्याशा दूरच्या देशात, ज्यांच्याविषयी आपल्याला काहीच माहिती नाही अशा लोकांमध्ये भांडण चालले आहे, आणि त्यापायी आपल्यावर ही पाळी यावी, हे किती भयंकर आहे, अशा आशयाचे ते उद्गार होते. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या त्या मुलीला पंचवीस वर्षे पुरी झाली. त्यानंतर दोन दिवसांत म्युनिकचा करार झाला आणि त्या दूरच्या देशाचा लचका हिटलरच्या ताटात पडला. ज्यांच्या प्रदेशाचा हा सौदा, त्यांना वाटाघाटीच्या टेबलाशी जागासुद्धा दिली नव्हती. सहा महिन्यांनी, मार्च १९३९ मध्ये, जर्मन फौजा प्राग शहरात शिरल्या.

चेंबरलेन यांच्या त्या वाक्याला इतिहासात अपकीर्ती मिळाली आहे. परंतु ते खोटे नव्हते, हेच त्यातले दुःख. इंग्रजांना झेक लोकांविषयी खरोखरच काही माहीत नव्हते. पॉल सेल्व्हर यांच्यासारख्या एखाद्या भाषांतरकाराने चापेकचे नाटक आणि हाशेकचा 'श्वेइक' इंग्रजीत आणला होता. त्यापलीकडे फारसे काही सामान्य वाचकाच्या हाती नव्हते. अज्ञान हे मुत्सद्द्यांच्या किती सोयीचे असते ते त्या रात्री दिसले. ज्याचे नाव, गाव, घर आपल्याला ठाऊक आहे त्या माणसाला वाऱ्यावर सोडणे अवघड जाते. अनोळखी माणसाच्या बाबतीत तितके अवघड जात नाही.

० ० ०

युद्ध सुरू झाल्यावर एडिथ पार्जिटर आरमाराच्या महिला दलात दाखल झाल्या. लिव्हरपूल येथे अटलांटिक महासागरातील लढाईचे जे मुख्यालय होते तेथे त्या टेलिप्रिंटरवर काम करीत. १९४४ साली या सेवेबद्दल त्यांना 'ब्रिटिश एम्पायर मेडल' मिळाले. याच काळात त्यांचे कादंबरीलेखनही चालू होते.

१९४७ साली त्या प्रथमच झेकोस्लोव्हाकियात गेल्या. निमित्त होते एका आंतरराष्ट्रीय उन्हाळी शिबिराचे. देश नुकता जर्मनांच्या तावडीतून सुटलेला. आणि अवघ्या काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, कम्युनिस्टांच्या हाती जाणार असलेला. दोन अंधाऱ्या खोल्यांमधल्या उंबरठ्यावर तो उभा होता म्हणा ना! बाई त्या देशाच्या, तिथल्या माणसांच्या आणि भाषेच्या प्रेमातच पडल्या. त्या पुन्हा पुन्हा तिकडे गेल्या. १९५० साली त्यांनी त्यावर प्रवासवर्णन लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ 'बोहेमियाचा किनारा'. हे नाव मोठे मिस्कील आहे. बोहेमिया, म्हणजे झेक देशाचा मुख्य भाग, चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. त्याला समुद्र नाही. शेक्सपिअरने मात्र आपल्या एका नाटकात त्या देशाला खुशाल समुद्रकिनारा बहाल केला, आणि पंडित त्यावरून शेक्सपिअरला हसत आले. बाईंनी तोच किनारा आपल्या पुस्तकाच्या नावावर घेतला.

प्रेमात पडणे सोपे. व्याकरण शिकणे कठीण. बाईंनी झेक भाषा आपल्या हिमतीवर आत्मसात केली. या भाषेची रचना मी हौसेने चाळून पाहिली, आणि वाटले, इंग्रज माणसापेक्षा ती आपल्याला अधिक जवळची आहे! तिच्यात आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. विभक्ती सात, आणि त्यांत संबोधन वेगळे. आपण देवाला हाक मारताना 'देव'चे 'देवा' करतो तसे तिथेही हाकेबरोबर नाम बदलते. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद आहे. इंग्रजीतले 'ए' आणि 'द', ज्यांनी आपल्या पोरांना वर्षानुवर्षे छळले, ते झेकमध्ये नाहीतच. आणि आपल्यासारखेच भूतकाळी क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला फरक झेक वाचकाला पहिल्याच वाक्यात समजतो. इंग्रजीत दोघेही एकाच साच्यातून निघतात.

म्हणजे पाहा, झेकमधून इंग्रजीत जाणाऱ्याला एका भरल्या घरातून दुसऱ्या, वेगळ्याच पद्धतीने लावलेल्या घरात सामान हलवायचे असते. तू-तुम्हीतली जवळीक आणि अंतर ठेवायला तिथे फडताळच नसते. उलट जे 'ए' आणि 'द' मूळ घरात नव्हते ते प्रत्येक नामामागे विकत आणून ठेवावे लागतात. शब्दकोश पाहून हे होत नाही. त्या भाषेतली माणसे घरात कशी बोलतात, कधी रागावतात, कधी चेष्टा करतात, हे कानात साठवावे लागते.

० ० ०

१९५७ साली यान नेरुदा यांच्या 'माला स्त्राना'च्या गोष्टी बाईंच्या इंग्रजीत आल्या. माला स्त्राना म्हणजे प्रागच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेली जुनी पेठ. तिथले दुकानदार, भाडेकरू, म्हाताऱ्या, भिकारी यांच्या या कथा १८७८ साली प्रसिद्ध झाल्या होत्या. पुढच्या तेरा वर्षांत बाईंच्या हातून चौदा-पंधरा पुस्तके झाली. त्यांत झेक कवितांचा एक संग्रह होता, यिरासेकच्या जुन्या बोहेमियन दंतकथा होत्या आणि व्हान्चुरासारख्या अवघड शैलीकाराची कादंबरीही होती. या व्लादिस्लाव व्हान्चुराला नाझींनी १९४२ साली गोळी घालून ठार केले होते.

१९५८ साली त्यांनी भाषांतरित केलेल्या एका चरित्राने शिक्षक म्हणून माझे लक्ष वेधले. ते आहे कोमेन्स्कीचे. आपल्याकडच्या अध्यापन विद्यालयांत त्याला 'कोमेनिअस' म्हणतात, आणि तो झेक होता हे सांगायचे राहून जाते. धर्मयुद्धामुळे १६२८ साली देशोधडीला लागलेला हा माणूस पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. १६७० साली अॅम्स्टरडॅममध्ये वारला. मुलांना प्रथम त्यांच्या मातृभाषेत शिकवा, वस्तू दाखवून शिकवा, असे तो साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगत होता. १६५८ साली निघालेले त्याचे सचित्र पाठ्यपुस्तक युरोपातल्या कित्येक पिढ्यांनी वापरले. आपल्या पहिलीच्या पुस्तकातल्या चित्रांचे मूळ शोधत गेलो तर वाटेत हा निर्वासित मास्तर भेटल्याशिवाय राहणार नाही.

मग १९६२ साली आली 'बाबिच्का'. बोझेना न्येम्त्सोव्हा या लेखिकेची ही १८५५ सालची कृती झेक घरांत आजही पूज्य आहे. नवऱ्याची धड नोकरी नाही, घरात दारिद्र्य, आणि १८५३ साली थोरला मुलगा गेलेला. अशा अवस्थेत या बाईने आपल्या लहानपणचे खोरे आणि त्यातली आजी आठवून आठवून लिहून काढली. सण, व्रते, जात्याकाठच्या गप्पा, वनस्पतींची माहिती, आल्यागेल्याची विचारपूस, असे सगळे त्या पुस्तकात आहे. जर्मन ही प्रतिष्ठेची आणि झेक ही स्वयंपाकघराची भाषा मानली जाण्याचा तो काळ. त्या स्वयंपाकघराच्या भाषेत केवढे वैभव आहे ते या आजीने दाखवून दिले. लेखिका १८६२ मध्ये गरिबीतच वारली.

पार्जिटरबाईंच्या आधी, १८९१ साली, अमेरिकेत या पुस्तकाचे एक इंग्रजी भाषांतर झाले होते. त्याचे नाव 'द ग्रँडमदर'. बाईंनी नाव ठेवले 'ग्रॅनी'. या एका शब्दात भाषांतरकाराचे काम काय असते ते कळून येते. 'बाबिच्का' हे मुळातच लाडके रूप आहे. ते चूल, पदर आणि गोधडी यांचा वास घेऊन येते. 'ग्रँडमदर' चूक नाही; पण आपण घरात 'मातामही' म्हणून हाक मारीत नाही, 'आजी' म्हणतो.

१९६५ साली त्यांनी कारेल हिनेक माखाच्या 'माय' या दीर्घकाव्याला हात घातला. हा कवी १८३६ साली, सव्विसावे वर्ष पुरे होण्याआधीच वारला. शाळेत गेलेल्या प्रत्येक झेक माणसाला या काव्याची सुरुवात पाठ असते. झेक भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. माखाने त्या स्वभावाविरुद्ध चढत्या चालीचे वृत्त रचून दाखवले. इंग्रजीत तीच चाल अगदी रोजची. मूळ भाषेत जे धाडस, ते दुसऱ्या भाषेत सहज होऊन बसते! कवितेच्या भाषांतरात असे कोडे ओळीओळीला उभे असते, आणि ते सुटले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

० ० ०

परंतु केवळ जुने अभिजात ग्रंथ इंग्रजीत नेले एवढ्यावर ही हकीकत संपत नाही. दोन पुस्तके अशी आहेत की ती वाचताना भाषांतर हे साक्ष नोंदवण्याचे काम असते हे पटते.

पहिले योसेफ बोर यांचे 'तेरेझीन रिक्वीएम'. प्रागच्या उत्तरेला तेरेझीन हे जुने किल्ल्याचे गाव. नाझींनी तिथे ज्यूंना कोंडले. त्या कोंडवाड्यात राफाएल शेख्टर नावाच्या संगीतज्ञाने कैद्यांचे गायकवृंद उभे केले आणि व्हेर्दी या इटालियन संगीतकाराची 'रिक्वीएम', म्हणजे मृतांसाठीची ख्रिस्ती प्रार्थना, बसवली. मरणाच्या दारात बसलेल्या ज्यूंनी ख्रिस्ती श्राद्धगीत का गावे, यावरून आतही वाद झाला. तालीम पुरी होत यावी आणि गायकांची खेप ऑशविट्झकडे रवाना व्हावी. शेख्टरने पुन्हा नवे गळे शोधावेत, पुन्हा तालीम सुरू करावी. अखेर १९४४ साली तोही त्याच वाटेने गेला. बोर स्वतः त्या छळछावण्यांतून वाचले. त्यांचे कुटुंब वाचले नाही. त्यांचे हे पुस्तक १९६३ साली पार्जिटरबाईंनी इंग्रजीत आणले. अंत्यगीत गाणारेच स्वतः मेलेले, अशी ही कथा. ती नुसती झेकमध्ये राहिली असती तर जगातले किती जण ती वाचू शकले असते?

दुसरे पुस्तक योसेफा स्लान्स्का यांचे. त्यांचे पती रुडॉल्फ स्लान्स्की झेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. ज्या दडपशाहीच्या यंत्राला त्यांनी स्वतः हातभार लावला होता तेच यंत्र १९५१ साली त्यांच्यावर उलटले. चौदा जणांवर खोटा खटला झाला, पढवलेले कबुलीजबाब वदवून घेतले गेले, आणि ३ डिसेंबर १९५२ रोजी त्यांच्यासह अकरा जणांना फासावर चढवण्यात आले. त्यांच्या विधवेने आपल्या नवऱ्याविषयी जे सांगितले ते १९६९ साली पार्जिटरबाईंच्या इंग्रजीत प्रसिद्ध झाले. पहिल्या पुस्तकात नाझींच्या विरुद्ध साक्ष आहे, दुसऱ्यात कम्युनिस्टांच्या. प्रागमधल्या सरकारी प्रकाशनसंस्थेसाठी आजी आणि दंतकथा इंग्रजीत आणणाऱ्या बाईंनी हेही पुस्तक केले, याचे महत्त्व मला मोठे वाटते. त्यांचे इमान त्या देशाच्या माणसांशी होते.

मधले वर्ष १९६८. त्या वर्षी बोहुमिल ह्राबालची छोटी कादंबरी बाईंनी इंग्रजीत आणली. युद्धकाळातल्या एका लहान रेल्वे स्टेशनावरचा लाजराबुजरा उमेदवार, तिथले थट्टाविनोद, आणि त्या रुळांवरून जाणाऱ्या, कडक पहाऱ्यातल्या जर्मन गाड्या. ह्राबालने स्वतः युद्धात रेल्वेची नोकरी केली होती. तिच्यावरच्या चित्रपटाला त्याच वर्षी ऑस्कर मिळाले. झेकोस्लोव्हाकियातल्या एका संस्थेने आंतरराष्ट्रीय स्नेहाबद्दल बाईंना सुवर्णपदक दिले, तेही त्याच वर्षी. आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टच्या पहाटे रशियन रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर आले. पुन्हा एकदा तो देश एकटा पडला. बाहेरच्या जगाने निषेध केला, आणि निषेधापाशीच ते थांबले.

१९७० साली बाईंनी इव्हान क्लीमाच्या कथा आणि सायफर्टच्या कविता इंग्रजीत दिल्या. मायदेशी क्लीमावर बंदी आली. ह्राबालची छापून तयार झालेली पुस्तके लगद्यात गेली. ज्या ह्राबालने एके काळी रद्दी दाबण्याच्या कारखान्यात मजुरी केली होती, त्याच्याच पुस्तकांची ही गत! त्यानंतर पार्जिटरबाईंच्या भाषांतरांची यादी जवळजवळ थांबते. सायफर्टला १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा जग त्याच्या पुस्तकांची इंग्रजी भाषांतरे शोधू लागले.

० ० ०

बाईंना अफाट प्रसिद्धी मिळाली ती त्यानंतर, वयाची साठी उलटल्यावर. १९७७ साली त्यांनी ब्रदर कॅडफेल या बाराव्या शतकातल्या साधूची पहिली रहस्यकादंबरी लिहिली. मठातली औषधी बाग सांभाळणारा, जडीबुटी जाणणारा हा साधू खुनांचा छडा लावतो. डॉलीच्या औषधाच्या दुकानातली सात वर्षे अशी फळाला आली. १९९४ पर्यंत त्या मालेत वीस कादंबऱ्या झाल्या, दूरदर्शन-मालिका निघाली. एलिस पीटर्स हे नाव घरोघर गेले. गंमत अशी की या नावातला 'एलिस' हा त्यांचा भाऊ, आणि 'पीटर्स' हे एका झेक मित्रकुटुंबातील मुलीच्या नावावरून घेतलेले. लाखो वाचकांनी ते नाव वाचले. त्यात एक झेक मुलगी लपली आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

आणि त्या पहिल्या कादंबरीत कॅडफेल मठातून बाहेर पडतो तो कशासाठी? मठातल्या मंडळींना वेल्समधल्या एका खेड्यातून एका संत स्त्रीच्या अस्थी आणायच्या असतात. खेडूतांना इंग्रजी येत नाही, मठाच्या अधिकाऱ्यांना वेल्श येत नाही. कॅडफेल जन्माने वेल्श, म्हणून त्याला बरोबर घेतात. बाईंचा सर्वांत गाजलेला नायक आपल्या पहिल्याच कामगिरीवर निघतो तो दुभाषी म्हणून!

१९८९ साली कम्युनिस्ट राजवट कोसळली ती बाईंनी पाहिली. १ जानेवारी १९९३ रोजी झेक आणि स्लोव्हाक वेगळे झाले, आणि ज्या देशावर त्यांनी जीव लावला होता त्याचे नाव नकाशावरून गेले. १४ ऑक्टोबर १९९५ रोजी त्या वारल्या, आपल्याच परगण्यात.

चेंबरलेन यांचे ते वाक्य बदलण्याची सत्ता एखाद्या दुकानातल्या मदतनिसाकडे कुठून असणार? करार तिच्या हातात नव्हते, फौजा नव्हत्या. पण 'आम्हाला त्यांच्याविषयी काहीच माहिती नाही' एवढे खोटे पाडणे कोणाच्याही हातात असते, आणि तेवढे तिने केले. १९७० नंतर कोणा इंग्रज वाचकाला तसे म्हणायचे असते तर कपाटातली ती चौदा-पंधरा पुस्तके त्याच्याकडे पाहत राहिली असती.

आपल्याकडेही ही माणसे झाली. शरदबाबू मराठी घरांत आले ते मामा वरेरकरांचा हात धरून. आपल्या आयाबहिणी शरदबाबूंच्या नायिकांसाठी रडल्या, आणि ते अश्रू बंगालीतून मराठीत कोणी आणले याचा विचार करायला सवड कोणाला होती? भाषांतरकाराचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात असते. या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी ठेवून एखादी परभाषेतली कथा वाचाल तेव्हा ते नाव जरूर शोधा. ज्या लोकांना समुद्र नाही त्यांच्यासाठी कोणीतरी पदरमोड करून किनारा बांधलेला असतो, आणि आपली होडी तिथेच लागलेली असते.